आडवा धान, उभा धान

डोमाजी वाढई माणसांना रामराम करत नसे. तो दाराला करायचा. कुणाच्या अंगणात शिरला की आधी उजव्या हाताचा पंजा दारावर टेकवायचा, कडीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, आणि हळूच लोटून पाहायचा. दार काय म्हणतं ते ऐकून झालं की मग खाली बसून कमरेची चंची सोडायचा. घरधनी समोर उभा असला तर तेव्हा कुठे त्याच्याकडे लक्ष जाई.

तिकडे झाडीपट्टीत सुताराला वाढई म्हणतात. मी वर्ध्याकडचा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, आम्ही अजून मध्यप्रदेशात मोडत होतो, आणि मला या गावची शाळा मिळाली. आमगाव स्टेशनावर उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मोजत दीड-दोन तास जायचं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांच्या मनात मी अजून चांगला गुरुजी आहे, आणि हे लिहितानाही ते तसंच राहावं असं मला वाटतं. यावरून मी कसा माणूस आहे ते ओळखा.

डोमाजी तेव्हा साठीचा असेल. काळा, ठेंगणा, गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग. डाव्या हाताचा अंगठा कधीतरी रंध्याखाली येऊन चपटा झालेला. चंचीत तंबाखू, चुन्याची डबी आणि धानाचे पाच-सहा दाणे. ते दाणे म्हणजे त्याचं माप. फूटपट्टी त्याच्याकडे नव्हती आणि मी दिली तेव्हा त्यानं ती पाठ खाजवायला ठेवली.

माझ्या घराचं दार त्यानंच केलं. पंचायतीनं मला एक खोली आणि पडवी दिली होती, तिला दारच नव्हतं. शांता, म्हणजे माझी बायको, आणि वर्षाची मुलगी कुसुम यायची होती. वैशाखात त्यानं दार बसवलं. मी पाहतो तर कडीच्या बाजूला, दार आणि चौकटीच्या मधे, वरपासून खालपर्यंत सरळ फट. डोमाजीनं चंचीतून धानाचा एक दाणा काढला आणि फटीत आडवा धरला. एक टोक दाराला, एक टोक चौकटीला. बरोबर बसला. मग समाधानानं तो दाणा परत चंचीत टाकला.

"डोमाजी, फट राहिली," मी म्हणालो.

"राहिली नाई जी. ठेवली."

"का म्हणून?"

"लाकूड उंचीनं वाढत नाई गुरुजी. पोटानं वाढते. मानसावानीच आहे ते." माझ्या पोटाकडे पाहून तो हसला. तेव्हा मला पोट नव्हतं, त्यामुळे मीही हसलो. "झाड कापलं म्हून का त्याचं पानी पेनं सुटते? पानकळ्यात पिईन, फुगन. उन्हाळ्यात सुकन, बसन. वैशाखात आडवा धान, भादव्यात उभा धान. उभा धान गेला नाई तं मले बोलवा."

भाद्रपदात मी मुद्दाम पाहिलं. फट इतकी मिटली होती की दाणा उभा धरला तरच शिरत होता. शाळेत मी पोरांना पदार्थ उष्णतेनं प्रसरण पावतात हे शिकवत होतो. लाकूड पाण्यानं प्रसरण पावतं हे मला त्या दाण्यानं शिकवलं. पण शिकलं ते अंगी लागलं असं नाही.

दार बसवून मोकळा होणारा माणूस नव्हता तो. दर श्रावणात, झड जरा ओसरली की, डोक्यावर घोंगडी आणि काखेत रंधा घेऊन गावात निघायचा. आपण केलेल्या एकेका दाराशी जायचं, पंजा टेकवायचा, लोटायचं. बरं असलं तर पुढे. कुठे घासत असलं तर दोन-चार हात रंधा मारायचा आणि पुढे. कुणी बोलावलेलं नसे, कुणी काही देतही नसे. बाया म्हणायच्या, बुढा चहासाठी फिरून राहिला. चहा दिला तर प्यायचा हेही खरं.

हट्टी तर असा की विचारू नका. पाटलांच्या पोरीचं लग्न ठरलं आणि पाटलांनी सालेकशाच्या जंगलातून ओलं सागवान आणून त्याच्या अंगणात टाकलं. म्हणाले, पंधरा दिवसांत मोठं दार पाहिजे, वऱ्हाड येणार. डोमाजी म्हणाला, "या लाकडानं अजून एक पानकळा नाई पाहिला, पाटील."

"मंग?"

"मंग पाहू द्या."

"लग्न का लाकडासाठी थांबवू का बे मी?"

"लग्न पोरीचं आहे का दाराचं?"

पाटील लाल झाले. चार शिव्या दिल्या. पण डोमाजीनं फळ्या भिंतीला उभ्या केल्या त्या केल्याच. पाटलांच्या वाड्याच्या तोंडाशी बांबूची ताटी लावून, तिला आंब्याची पानं बांधून लग्न लागलं. पुढच्या वर्षी दार झालं. पाटील ते पाहुण्यांना दाखवायचे आणि त्या ताटीची गोष्ट स्वतःच सांगायचे, पण डोमाजीला मात्र त्यांनी मनातून कधी माफ केलं नाही.

दाराला लोखंडी खिळा तो मारत नसे. बिजागरी सोडली तर बाकी सगळ्या बांबूच्या खुंट्या. "लोखंड लाकडाचं ऐकत नाई," म्हणायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं, ताटीच होती. त्याची बायको सगुणा येताजाता कुरकुरायची, "गावाले कवाडं आन् आमाले ताटी. माह्याशी बोलत नाई, लाकडाशी बोलते." मोहाची दारू घेतली की दोघांचं जोरात भांडण व्हायचं. ते शेजाऱ्यांना सवयीचं होतं.

घराच्या पाठीमागे, वळचणीखाली, त्यानं बिजा नावाच्या टिकाऊ लाकडाच्या चार फळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. हातभर रुंद, एक गाठ नाही. दर महिन्याला त्यांची कूस बदलायचा. त्या कशासाठी आहेत हे मला त्यानं दुसऱ्या वर्षी सांगितलं. शाळा तेव्हा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. नवी इमारत श्रमदानानं व्हायची होती. पोरं विटा वाहत होती, बाप माती तुडवत होते.

"शाळेचं दार मी करन," डोमाजी म्हणाला. "तीन पानकळे पाहिले या फळ्याईनं. माया हातचं शेवटचं दार. मले अक्षर येत नाई गुरुजी, पन पोरं ज्या दारातून आत जातीन ते मायं राहीन."

मी म्हणालो, "दिलं. शाळेचं दार तुमचंच." मी दिलेला शब्द आहे हा. ओसरीत, मारुतीसमोर.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात माझा मेहुणा आला. नागपुरात कुठल्याशा कचेरीत कारकून, केसांना तेल, बोलण्यात टोमणे. त्यानं पहिल्याच दिवशी दाराची फट पाहिली. "भाऊजी, दार लावलं की नाही हे तुम्हाला आतून कसं कळतं हो?" जेवताना पुन्हा तेच. निघताना फटीला डोळा लावून म्हणाला, "ताई, येतो गं. दिसतेस बरं का." शांता हसली. मीही हसलो, आणि माझ्या अंगाची आग झाली. नॉर्मल स्कूल पास झालेला माणूस मी, आणि माझ्या दाराला फट. डोमाजीनं सांगितलेलं सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याच आठवड्यात मी पाट्यांच्या खोक्याची एक पट्टी तासली आणि चौकटीला, कडीच्या बाजूला, चार खिळ्यांनी ठोकली. वर काजळी आणि तेल चोळलं. फट बंद. दार चौकटीत असं बसलं की मलाच माझं कौतुक वाटलं. शांता त्याच्या मागोमाग मुलीला घेऊन माहेरी गेली होती. परत आल्यावर तिला मी सांगितलं नाही आणि तिच्या लक्षात आलं नाही. श्रावणाआधी पट्टी काढून टाकू असं मी ठरवलं होतं. विसरलो.

श्रावणात आठ दिवस झड लागली. सूर्य दिसला नाही. नवव्या दिवशी सकाळी कुसुमला ताप भरला, डोळे फिरवू लागली. आमगावला डॉक्टर होता. मी धावत जाऊन पाटलांची गाडी जुंपवून आणली. तेवढ्यात पावसाचा झोत आत येतो म्हणून शांतानं जोर लावून दार लोटून घेतलं होतं. गाडी दाराशी आली आणि दार उघडेना. आतून ती ओढतेय, बाहेरून मी ढकलतोय. खोलीला दुसरं दार नव्हतं, मागे नुसती हातभर खिडकी, तिला गज. आतून शांताचा आवाज, "अहो, ही थंड पडतेय." तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शेजारी जमले. पाटील आले. चौघांनी खांदा दिला. दार हललं नाही. कुणी कुऱ्हाड आणायला धावलं. पाटील मोठ्यानं म्हणाले, "डोम्याचं दार. लेकरू मरन आता त्याच्या दारापायी."

तेवढ्यात घोंगडी पांघरून डोमाजी आला. कुणी बोलवलं होतं की त्याच्या श्रावणातल्या फेरीवरच होता, मला माहीत नाही. त्यानं पंजा टेकवला. लोटलं नाही. नुसता हात वरून खाली फिरवत आणला आणि पट्टीपाशी थांबला. मग पटाशी काढून पट्टीच्या मागे घातली आणि एका हिसक्यात ती उपटली. दार आपोआप सुटलं. शांता मुलीला घेऊन बाहेर आली, गाडीत बसली, गाडी निघणार होती. मी एक पाय गाडीत टाकला होता, तेव्हा पाटील म्हणाले, "हे काय बे डोमा? ही पट्टी?"

डोमाजीच्या हातात पट्टी होती. चारही खिळे बाहेर आलेले. तो खिळ्यांकडे पाहत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखं.

गावातली वीस-पंचवीस माणसं पावसात उभी होती. माझ्याकडे शिकणारी सात-आठ पोरं होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "दार तर डोमाजीनंच केलं."

खोटं नाही पाहा. शब्दाला शब्द खरं आहे. असं बोलायला शिक्षण लागतं.

डोमाजीनं पट्टी पालथी केली, परत सुलटी केली. "मीच ठोकली असन जी," तो म्हणाला. "आठवन राहत नाई आता."

कुसुम चार दिवसांत बरी झाली. मलेरिया होता. आता ती नातवंडांची आजी आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. शांताला माहीत होतं. आमगावच्या धर्मशाळेत, मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता, तिनं सरळ विचारलं, "पट्टी तुम्ही लावली ना? खोक्याचं लाकूड ओळखते मी." मी हो म्हणालो. "मग गावात जाऊन सांगा." मी तेही हो म्हणालो.

गावात परतलो तर गोष्ट पिकून तयार होती. डोमाजीचे डोळे गेले. डोमाजीचा हात गेला. मोहाची पिऊन काम करते बुढा, दाराला खिळे ठोकते आणि विसरते. तीस वर्षं ज्यांची दारं कधी अडली नव्हती तेही दाराकडे संशयानं पाहू लागले. कार्तिकात पाटलांच्या ओट्यावर शाळेच्या इमारतीची बैठक झाली. दाराचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "डोमाजीनं फळ्या ठेवल्या आहेत म्हनते." पाटील म्हणाले, "शाळेत पन्नास लेकरं कोंडायची आहेत का? गोंदियाचा मिस्त्री आना." मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमच्यावरच बितली. तुमी सांगा."

बैठकीचा कागद माझ्या हातात होता. अक्षर माझं चांगलं. मी गोंदियाच्या मिस्त्रीचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहतो तर डोमाजी अंगणात बिज्याच्या फळ्या कापत होता. मी विचारलं, काय करता? तो मान वर न करता म्हणाला, "म्हशीची डोनी." डोणी म्हणजे आंबोणाचं लाकडी कुंड; चार दिवसांत झाली. बिज्याची, खुंट्यांची, थेंबभर पाणी न गळणारी डोणी. सगळा गाव हसला, बुढा वेडा झाला म्हणाला. सगुणा माझ्याकडे पाहून पदर ओढून घ्यायची. दीड वर्ष मी शाळेत जाता-येता त्या डोणीवरून गेलो, आणि दीड वर्ष डोमाजीच्या म्हशीनं माझ्या शब्दात तोंड घालून आंबोण खाल्लं.

गोंदियाचा मिस्त्री चैत्रात आला. हिंदीत बोलायचा, सायकलवर औजारांची पेटी. "ऐसा फिट बिठाऊंगा मास्टरजी, चींटी नहीं घुसेगी." खरंच मुंगी शिरली नसती. पाटलांनी नारळ फोडला. श्रावणात ते दार असं अडकलं की पोरं आठ दिवस खिडकीतून शाळेत शिरत होती. त्यांना मजा वाटत होती. त्यातलं एक पोरगं मला म्हणालं, "गुरुजी, हे पन डोमाजीनंच केलं का?" मी त्याला पाढे म्हणायला लावले.

नवव्या-दहाव्या दिवशी मी खिडकीतून पाहतो तर बाहेर घोंगडी. डोमाजी दाराशी उभा. हे दार त्याचं नव्हतं, त्याच्या फेरीत ते येत नव्हतं. त्यानं पंजा टेकवला, मग माझ्याकडून एक बाकडं मागून घेतलं, बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवलं आणि शाळेच्या ओसरीत आडवं घालून रंधा मारत बसला. दिवसभर. पोरांना सुट्टी दिली. आम्ही दोघंच होतो. सोनेरी सालपं माझ्या पायाशी येऊन पडत होती.

मी म्हणालो, "डोमाजी, ती पट्टी..."

"पट्टीचं का घेऊन बसले गुरुजी. पट्टी चुलीत गेली."

"मी लोकांना सांगतो. आजच सांगतो."

रंधा थांबला. "काऊन?" तो म्हणाला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुमची अब्रू परत मिळावी म्हणून, असं म्हणायला हवं होतं. पण खरं कारण ते नव्हतंच. मला रात्री झोप लागावी हे खरं कारण होतं, आणि त्याला ते दिसत असावं. त्यानं रंधा पुन्हा चालू केला. संध्याकाळी दार बसलं. चंचीतून दाणा काढून त्यानं उभा धरला. सर्रकन गेला. चहा मी स्वतः केला. तो न पिता गेला.

पुढच्या वैशाखात माझी बदली झाली. निरोपाचा समारंभ शाळेतच. गाव लोटला होता. पाटील बोलले. म्हणाले, "गुरुजी चार वर्षं राहिले, पन कधी खोटा शब्द तोंडातून नाई गेला." टाळ्या पडल्या. शांता बायकांत बसली होती, ती कुसुमच्या परकराची नाडी बांधत राहिली. डोमाजी सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा होता. आत येऊन बस म्हटलं तरी आला नव्हता.

मी उठलो. गळ्यात हार. आज सांगायचंच असं मनाशी ठरवून आलो होतो, वाक्य पाठ केलं होतं. सुरुवातही केली, "मंडळी, या गावात एक दार आहे..." आणि डोमाजीकडे पाहिलं. मग विषय बदलला. गावच्या प्रेमाबद्दल बोललो, श्रमदानाबद्दल बोललो, डोळ्यांत पाणी आणून खाली बसलो.

गाडीत शांतानं विचारलं, "थांबलात का?" मी सांगितलं, "डोमाजीनं मान हलवली. नको म्हणाला." पुढे ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली, नाव-गाव बदलून, शेवट असाच. म्हातारा किती मोठ्या मनाचा, त्यानंच मला अडवलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. शांता गेली तीही बहुधा तसंच समजून गेली.

त्यानं मान हलवली नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी बोलायला उठलो तेव्हा तो पाठ करून उभा होता. चंची सोडून त्यानं एक दाणा काढला होता आणि शाळेचं दार हळूच लोटून घेऊन त्याच्या फटीत तो आडवा धरून, मान जराशी वाकडी करून, बसतो का ते पाहत होता. बसला.